बाल न्याय प्रकरणांतील विलंबित अपील (भारत)

विलंबित अपील म्हणजे कायद्याने ठरवून दिलेली मुदत उलटून गेल्यानंतर वरिष्ठ न्यायालयात दाखल केलेले अपील होय. भारतात अठरा वर्षांखालील व्यक्तीवर गुन्ह्याचा आरोप असल्यास तिला ‘विधि संघर्षग्रस्त बालक’ म्हणतात आणि तिचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. मंडळाच्या आदेशाविरुद्ध अपील करण्यास तीस दिवसांची मुदत आहे. ती चुकल्यास पुरेसे कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो. याखेरीज गुन्ह्याच्या वेळी आपण अज्ञान होतो, हा दावा तर खटल्याचा अंतिम निकाल लागल्यावरही मांडता येतो. वीस-पंचवीस वर्षे तुरुंगात राहिलेल्या व्यक्तींची सर्वोच्च न्यायालयाने या आधारावर सुटका केल्याची उदाहरणे आहेत. ‘विलंबित अपील’ हा शब्दप्रयोग अधिनियमात नाही. मुदतीनंतरचे अपील, उच्च न्यायालयाचे पुनरीक्षण आणि वयाचा उशिरा केलेला दावा या तीन वेगळ्या मार्गांना उद्देशून तो सैलपणे वापरला जातो. या लेखात तिन्हींचा विचार केला आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात बालगुन्हेगारांसाठी १९२४ साली स्वतंत्र कायदा झाला व पुढे १९४८ च्या मुंबई बाल अधिनियमाने त्याची जागा घेतली. निरनिराळ्या प्रांतांचे असे निरनिराळे कायदे १९८६ च्या बाल न्याय अधिनियमापर्यंत चालू होते. १९८६ च्या अधिनियमात मुलासाठी वयाची मर्यादा सोळा आणि मुलीसाठी अठरा वर्षे होती. भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत सामील झाला. त्यानंतर आलेल्या २००० च्या अधिनियमाने ही मर्यादा दोघांसाठी अठरा केली. तो १ एप्रिल २००१ रोजी अमलात आला. सध्या लागू असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे.

बालहक्क संहितेच्या कलम ४० मध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. बालकाच्या प्रकरणाचा निर्णय विनाविलंब व्हावा, आणि दोषी ठरल्यास वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडून त्या निर्णयाचा फेरविचार करून घेण्याचा हक्क त्याला असावा. या दोन अपेक्षांमध्ये जो ताण आहे तोच या विषयाचा गाभा आहे. निर्णय लवकर अंतिम व्हावा, कारण मुलाचे वय थांबत नाही. पण चुकीचा निर्णय लवकर अंतिम झाला तर त्याचे ओझेही मुलालाच वाहावे लागते.

अपिलाची तरतूद

२०१५ च्या अधिनियमाचे कलम १०१ अपिलासंबंधी आहे. मंडळाच्या आदेशाने व्यथित झालेली कोणतीही व्यक्ती आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांत बाल न्यायालयाकडे अपील करू शकते. स्वतंत्र बाल न्यायालय नसेल तेथे सत्र न्यायालय हे काम पाहते. मुदतीत अपील न करण्यास पुरेसे कारण होते अशी खात्री पटल्यास न्यायालय मुदतीनंतरही अपील दाखल करून घेऊ शकते, असे परंतुकात म्हटले आहे. अपिलाचा निकाल तीस दिवसांत लावावा, अशीही तरतूद आहे. सत्र न्यायालयाने अपिलात दिलेल्या आदेशावर दुसरे अपील नाही. बाल न्यायालयाने स्वतः खटला चालवून दिलेल्या आदेशाविरुद्ध मात्र उच्च न्यायालयात अपील होते. फौजदारी अपिलाच्या सर्वसाधारण नियमानुसार उच्च न्यायालयात शिक्षेविरुद्ध दाद मागण्याची मुदत साठ दिवसांची आहे.

सोळा वर्षे पूर्ण झालेल्या बालकावर अतिगंभीर गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ कलम १५ अन्वये प्राथमिक मूल्यमापन करते. गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती यांचा त्यात विचार होतो. त्यानंतर बालकावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा की नाही हे ठरते. या आदेशाविरुद्धही अपील आहे, परंतु त्या पोटकलमात मुदतीचा उल्लेखच नव्हता. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ रोजी कर्नाटकातील एका प्रकरणात भरून काढली. अशा अपिलासही तीस दिवसांचीच मुदत समजावी, पुरेसे कारण असल्यास विलंब माफ करता येईल आणि अपील तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे न्यायालयाने सांगितले. मूल्यमापन तीन महिन्यांत पूर्ण करण्याची कलम १४ मधील मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असेही त्याच निकालात ठरले. मुदत उलटली म्हणून मूल्यमापन रद्द होत नाही.

मुदतीची मोजणी

तीस दिवस कसे मोजायचे हे मुदत अधिनियम, १९६३ वरून ठरते. आदेशाचा दिवस धरत नाहीत. आदेशाची प्रमाणित प्रत, म्हणजे न्यायालयीन बोलीत ‘नक्कल’, मिळण्यास लागलेले दिवसही वगळले जातात. मंडळाने ५ जून रोजी आदेश दिला असे समजू. साधी मुदत ५ जुलैला संपेल. नकलेसाठी १० जूनला अर्ज केला आणि ती २४ जूनला तयार झाली, तर ते पंधरा दिवस मिळून मुदत २० जुलैपर्यंत जाते. अपील ३ ऑगस्टला दाखल झाले तर विलंब चौदा दिवसांचा ठरतो आणि अपिलाच्या जोडीला विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो. नकलेचा अर्जच दीड महिन्याने केला तर वगळण्यास काही उरत नाही. पालकांची फसगत बहुधा येथेच होते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अज्ञान व्यक्तीच्या बाबतीत मुदत ती सज्ञान झाल्यावरच सुरू होते, असे अनेकांना वाटते. मुदत अधिनियमाच्या कलम ६ मध्ये तशी सवलत आहे खरी, पण ती दावे आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज यांपुरती आहे. अपिलास ती लागू नाही. म्हणजे वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीसाठी मुलाला सज्ञान होईपर्यंत थांबता येते, परंतु विशेष गृहात पाठवण्याच्या आदेशाविरुद्ध दाद मागण्यासाठी त्याला प्रौढाइतकेच तीस दिवस मिळतात. उशीर झाल्यास त्याचा आधार पुरेशा कारणाचा, आणि तेवढाच.

पुरेसे कारण

पुरेसे कारण म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. ती न्यायालयीन निर्णयांतून घडली आहे. अनंतनाग येथील भूसंपादनाच्या प्रकरणात (१९८७) सर्वोच्च न्यायालयाने उदार दृष्टिकोन ठेवण्यास सांगितले. प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा खुलासा हवा, या नियमाचा काथ्याकूट करू नये आणि तांत्रिक मुद्द्यापेक्षा गुणवत्तेवर निर्णय व्हावा, असा त्याचा आशय आहे. एन. बालकृष्णन प्रकरणात (१९९८) विलंब किती दिवसांचा यापेक्षा त्याचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे की नाही याला महत्त्व देण्यात आले. हे दोन्ही निर्णय दिवाणी स्वरूपाचे असले तरी विलंब माफीच्या बहुतेक अर्जांत त्यांचा आधार घेतला जातो.

बालकाच्या बाबतीत कारणे सहसा उघड असतात. अपील मुलाच्या हिताचे असले तरी ते करणारा मोठा माणूस असावा लागतो. वडील ऊसतोडणीला किंवा वीटभट्टीवर परगावी असतील, आईला आदेशाचा अर्थ कोणी समजावून सांगितला नसेल, वकील नेमलेला असूनही निकालानंतर त्याची गाठ पडली नसेल, तर तीस दिवस कधी सरले हे कळतही नाही. मूल स्वतः निरीक्षण गृहात किंवा विशेष गृहात असते. शासनाकडून उशिरा दाखल होणाऱ्या अपिलांना मात्र हा कळवळा लागू पडत नाही. कार्यालयीन टपाल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास वेळ लागला, हे कारण शासनाने नेहमीचे म्हणून सांगू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग मीडिया प्रकरणात (२०१२) बजावले आहे.

निकालाची प्रत आणि विधी साहाय्य

प्रत न मिळाल्याने अपील किती रखडू शकते याचा ठळक दाखला महाराष्ट्रातीलच आहे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या प्रकरणात आरोपी प्रौढ होता. उच्च न्यायालयाच्या १९७३ मधील निकालाविरुद्ध तो सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. निकालाची प्रत येरवडा कारागृहाकडे पाठवल्याचे सांगण्यात आले, परंतु ती कैद्याच्या हाती पडल्याची त्याच्या सहीची पोच नव्हती. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व तत्परतेने द्यावी, तिची लेखी पोच घ्यावी आणि अपील करण्यासाठी गरजूला मोफत वकील द्यावा, हे न्यायालयाने संविधानाच्या कलम २१ मधून आलेले कर्तव्य ठरवले.

बालकांसाठी मोफत विधी साहाय्याची तरतूद याहून स्पष्ट आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार बालक हे उत्पन्नाची अट न लावता अशा साहाय्यास पात्र असते. २०१५ च्या अधिनियमाने विधी सेवा संस्थांमार्फत बालकाला वकील मिळतो आहे हे पाहण्याची जबाबदारी मंडळावर टाकली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते व तेथे साध्या अर्जावर वकील मिळू शकतो. अडचण अशी की मंडळापुढील काम संपले की नेमलेल्या वकिलाचेही काम संपल्यासारखे होते आणि अपिलासाठी नव्याने अर्ज करावा लागतो, हे घरच्यांना ठाऊक नसते.

अज्ञानत्वाचा उशिरा केलेला दावा

मुदतीचा प्रश्न जेथे उरतच नाही असा मार्ग अधिनियमाच्या कलम ९ मध्ये आहे. गुन्ह्याच्या दिवशी आपण बालक होतो हा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण अंतिमतः निकाली निघाल्यानंतरही करता येतो. दावा करणारी व्यक्ती आता पन्नाशीची असली तरी हरकत नाही. दावा सिद्ध झाल्यास तिला दिलेली शिक्षा निष्प्रभ होते. गुन्हा शाबीत झाल्याचा निष्कर्ष कायम राहू शकतो, परंतु बालकाला विशेष गृहात ठेवण्याची कमाल मर्यादा तीन वर्षांची असल्याने बहुतेक प्रकरणांत तेवढा काळ केव्हाच भोगून झालेला असतो.

ही स्थिती एकदम आली नाही. पश्चिम बंगालच्या गोपीनाथ घोष प्रकरणात (१९८४) हा मुद्दा प्रथमच सर्वोच्च न्यायालयात उपस्थित झाला, तरी न्यायालयाने तो ऐकून वयाची चौकशी करवली. उत्तर प्रदेशातील भूपराम प्रकरणात (१९८९) वैद्यकीय अंदाजापेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला गेला. तोवर तो इसम अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. सुधारशाळेत पाठवण्याचे वय उलटून गेल्याने शिक्षा रद्द करण्यावाचून मार्ग उरला नाही. २००० साली अर्णित दास प्रकरणात मुलाचे वय न्यायालयापुढे हजर केल्याच्या दिवशी मोजावे, असे ठरले. याचा अर्थ अटक लांबली तर मूल आपोआप प्रौढ ठरे. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रतापसिंग विरुद्ध झारखंड राज्य (२००५) या प्रकरणात हे मत बदलून गुन्ह्याचा दिवस निर्णायक ठरवला. २००६ च्या दुरुस्तीने ‘कोणत्याही टप्प्यावर’ हे शब्द अधिनियमात आले. हरिराम विरुद्ध राजस्थान राज्य (२००९) या निर्णयाने अठरा वर्षांच्या मर्यादेचा लाभ १ एप्रिल २००१ पूर्वीच्या गुन्ह्यांनाही दिला. अबुझर हुसेन प्रकरणात (२०१२) तीन न्यायमूर्तींनी नियम एकत्र मांडले. केवळ उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही. मात्र चौकशी सुरू होण्यापुरता सकृद्दर्शनी पुरावा दावेदाराने द्यायला हवा आणि नुसते प्रतिज्ञापत्र त्यासाठी सहसा पुरत नाही.

पुण्यातील १९९४ च्या एका गाजलेल्या हत्याकांड खटल्यातील एका कैद्याची हकीकत या तरतुदीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. वयाचा मुद्दा २०१८ मध्ये मांडला गेला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांना चौकशी करण्यास सांगितले. राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्यावरून गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते असा निष्कर्ष निघाला. २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने तो मान्य करून सुटकेचा आदेश दिला. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

डेहराडून येथील १९९४ च्याच दुसऱ्या प्रकरणात आरोपीला २००१ साली फाशी सुनावण्यात आली. २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी ती जन्मठेपेत बदलली. ८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या वेळी तो चौदा वर्षांचा होता असे मानून त्याला मुक्त केले आणि कनिष्ठ न्यायालयांपासून प्रत्येक पायरीवर या मुद्द्याकडे दुर्लक्ष झाल्याचे नमूद केले. पुनर्वसनासाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणाने साहाय्य करावे, असेही आदेशात होते. दोन्ही प्रकरणांत फाशी अमलात आली असती तर ही चौकशी झालीच नसती.

वयाचा पुरावा

कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम दिला आहे. प्रथम शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिक परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांच्या वाढीवरून वय ठरवणारी वैद्यकीय तपासणी. ही तपासणी आदेशापासून पंधरा दिवसांत व्हावी लागते. तिच्यात दोन वर्षांपर्यंत मागेपुढे होऊ शकते, हे न्यायालयांनी जयमाला प्रकरणापासून (१९८२) मान्य केले आहे. वयाने चाळिशी गाठलेल्या कैद्याच्या हाडांवरून तो पंचवीस वर्षांपूर्वी सतराचा होता की एकोणीसचा, हे सांगणे अवघड असते.

म्हणून सारा भार शाळेच्या कागदांवर येतो. प्राथमिक शाळेतील जनरल रजिस्टर हे या दृष्टीने न्यायालयाच्या फाइलीइतकेच मोलाचे दप्तर आहे. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाचे नाव पहिलीत घालताना ‘१ जून’ ही तारीख लिहिण्याची प्रथा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत दीर्घकाळ होती, आणि वर्ष पालकांच्या सांगण्यावरून किंवा मुलाच्या अंगलटीवरून ठरे. शिक्षकाने त्या क्षणी प्रवेशाची सोय पाहून घातलेला आकडा पुढे एखाद्याच्या आयुष्याचा निर्णय करू शकतो. पी. युवाप्रकाश प्रकरणात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने शाळा बदलल्याचा दाखला किंवा प्रवेश नोंदवहीचा उतारा हा कलम ९४ मध्ये अपेक्षित असलेला ‘जन्मतारखेचा दाखला’ नव्हे, असे म्हटले. त्यामुळे दाखल्यासाठी शाळेकडे अर्ज करताना शाळा सोडल्याचा दाखला न मागता जन्मतारखेचा स्वतंत्र दाखला मागणे इष्ट ठरते. शिक्षा झाल्यानंतर मिळवलेले दाखले न्यायालये अधिक काटेकोरपणे तपासतात.

पुनरीक्षण आणि इतर मार्ग

कलम १०२ नुसार उच्च न्यायालय स्वतःहून किंवा अर्जावरून मंडळ अथवा बाल न्यायालयाच्या कोणत्याही कार्यवाहीचे कागद ‘कोणत्याही वेळी’ मागवून आदेशाची वैधता व औचित्य तपासू शकते. बाधित व्यक्तीचे म्हणणे ऐकल्याशिवाय तिच्या विरोधात आदेश करता येत नाही. अपिलाची मुदत निसटल्यावर वकील बहुधा हा मार्ग सुचवतात. तो अपिलाइतका विस्तृत नाही, कारण पुराव्याची नव्याने फेरतपासणी त्यात सहसा होत नाही. ताबाच बेकायदा असेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते. मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघात प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी अशाच याचिकेवर बालकाची निरीक्षण गृहातून सुटका केली होती.

विलंबाचे परिणाम

प्रौढाच्या दहा वर्षांच्या शिक्षेत अपील दोन वर्षे लांबले तरी त्यात अर्थ उरतो. मुलाच्या बाबतीत विशेष गृहातील मुक्काम कमाल तीन वर्षांचा, अनेकदा त्याहून कमी असतो. अपील उशिरा दाखल झाले आणि पुढे रेंगाळले तर निकाल अनुकूल लागूनही हाती काही पडत नाही. मुदतीत दाखल झालेली अपिलेसुद्धा यातून सुटत नाहीत. गुरुग्राममधील एका शाळेत २०१७ साली घडलेल्या हत्येच्या प्रकरणात मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा का, हा प्राथमिक प्रश्न मंडळ, सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय असा प्रवास करून जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तोही मूल्यमापन नव्याने करावे, या आदेशाने. घटनेच्या वेळी सोळा वर्षांचा असलेला मुलगा तोवर विशी ओलांडून गेला होता. ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई असल्याने न्यायालयाच्या कागदांत त्याला ‘भोलू’ हे कल्पित नाव दिले आहे.

अभिलेखाचा प्रश्न याहून नाजूक आहे. दोषी ठरलेल्या बालकाला त्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता येऊ नये म्हणून कलम २४ अन्वये, काही गंभीर प्रकरणे वगळता, त्याचे कागद नष्ट करण्याची तरतूद आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार ते अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत जपून ठेवायचे असतात. तरतूद मुलाच्या भल्याची आहे. परंतु ज्याला आदेशच चुकीचा होता हे पुढे सिद्ध करायचे आहे, त्याच्यासाठी पुरावाही त्याच कागदांबरोबर जातो.

इतर देशांत

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या अपील नियमांत तीस दिवसांनंतर न्यायालयाच्या परवानगीने ‘विलंबित अपील’ करण्याची नाव घेऊन तरतूद आहे व ती बाल न्यायालयाच्या प्रकरणांनाही लागू होते. याच देशातील ॲरिझोना राज्यात १९६० च्या दशकात बाल न्यायालयाच्या निर्णयावर अपीलच नव्हते. शेजारणीला अश्लील दूरध्वनी केल्याच्या आरोपावरून एका पंधरा वर्षांच्या मुलाला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा आदेश तेथे झाला. प्रौढाला याच गुन्ह्यासाठी पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद होती. अपिलाची सोय नसल्याने आईवडिलांना बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करावी लागली. १५ मे १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलाला आरोपाची सूचना, वकील, साक्षीदारांची उलटतपासणी आणि मौन राखण्याचा हक्क असल्याचे मान्य केले. अपिलाचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न मात्र त्या निकालात खुला ठेवण्यात आला.